डोक्यातली शाळा : लक्ष कुठंय तुझं?



“लक्ष कुठंय तुझं?” हे वाक्य ज्यानं आयुष्यात एकदाही ऐकलेलं नाही, त्यानं हात वर करावा. बघा, एकही हात वर आला नाही! घरी आई म्हणते, शाळेत आम्ही म्हणतो. मी तर दिवसातून दहा वेळा म्हणत असेन. पण गेल्या वर्षी हेच वाक्य मला फार महागात पडलं. त्याचीच गोष्ट आज सांगते. गोष्टीतल्या मुलाला आपण गणू म्हणू. खरं नाव दुसरंच आहे. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

गणू माझ्या चौथीच्या वर्गात होता. दिवाळीपर्यंत बरा चालला होता. पण दिवाळीची सुट्टी संपली आणि गाडी रुळावरून घसरली. गृहपाठ नाही, वहीत अर्धीच गणितं, विचारलं तर नुसता बघत राहायचा. एका शनिवारी सकाळच्या शाळेत मी सतराचा पाढा घेत होते. गणूची पाळी आली. “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक... सतरा चोक...” आणि गाडी बंद. मी म्हटलं, “गणू, लक्ष कुठंय तुझं?”

तो म्हणाला, “घरी आहे, बाई.”

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटलं, पोरगं उलट उत्तर देतंय. मी त्याला तास संपेपर्यंत दारात उभं केलं. तो काही न बोलता उभा राहिला.

मित्रांनो, गणू उलट बोलत नव्हता. तो अगदी खरं सांगत होता. ते मला कसं कळलं, ते पुढं येईलच. आधी आपण हे ‘लक्ष’ म्हणजे काय भानगड आहे ते बघू.

लक्ष म्हणजे बॅटरीचा झोत

रात्री लाइट गेली की आपण बॅटरी घेतो. झोत कोपऱ्यातल्या हंड्यावर टाकला तर हंडा लख्ख दिसतो, पण शेजारची चप्पल दिसत नाही. चप्पल तिथंच असते बरं का! फक्त झोत तिच्यावर नसतो. आपलं लक्षही तसंच असतं. डोळ्यांसमोर आणि कानांवर एका वेळी हजार गोष्टी येऊन आदळत असतात. त्यातल्या थोड्याच गोष्टींवर मेंदू आपला झोत टाकतो. बाकीच्या अंधारात राहतात.

खोटं वाटतं? मग १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाची मजा ऐका. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या दोन शास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म तयार केली. काही खेळाडू पांढऱ्या शर्टातले, काही काळ्या. दोन्ही गट आपापसात चेंडू फेकताहेत. बघणाऱ्यांना सांगितलं, “पांढऱ्या शर्टवाल्यांनी किती वेळा चेंडू फेकला ते नीट मोजा.” मोजणं चालू असताना गोरिलाचा वेश घातलेलं एक माणूस खेळाडूंच्या मधोमध आलं, छाती बडवली आणि निघून गेलं. शेवटी विचारलं, “गोरिला दिसला का?” जवळजवळ निम्म्या लोकांनी उलट विचारलं, “कुठला गोरिला?”

ही माणसं आंधळी नव्हती, ढ तर मुळीच नव्हती. उलट सांगितलेलं काम ती मन लावून करत होती. सगळा झोत चेंडूवर होता, मग गोरिलाला उजेड कुठून मिळणार?

कानांचंही असंच आहे. कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांच्या एका कानात एक बोलणं ऐकवलं आणि दुसऱ्या कानात दुसरंच. एका कानातलं बोलणं शब्दन् शब्द मोठ्यानं म्हणत राहायचं होतं. ते त्यांना छान जमलं. मग विचारलं, “दुसऱ्या कानात काय चाललं होतं?” बाईचा आवाज होता की पुरुषाचा एवढं सांगता आलं. पण शब्द? त्यातलं जवळपास काहीच सांगता येईना!

मात्र कानांचा दरवाजा पुरता बंद नसतो. जत्रेत केवढा कलकलाट असतो! पाळणेवाला ओरडतोय, पिपाण्या वाजताहेत, पण त्यातच कुणी तुमचं नाव घेतलं की तुम्ही झटकन मान वळवता. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी चेरींसारखाच प्रयोग केला आणि लक्ष नसलेल्या कानात मधेच त्या माणसाचं नाव टाकलं. कित्येकांना ते बरोबर ऐकू आलं. म्हणजे मेंदूनं दाराशी एक राखणदार बसवलेला असतो. आपल्याला जे फार महत्त्वाचं, त्याला तो आत सोडतो.

आता गणूकडे परत या. त्याचा झोत पाढ्यावर नव्हता. मग तो कशावर होता?

मनातली छोटी पाटी

दारात उभं केल्यानंतर दोन दिवसांनी मी गणूच्या घरी गेले. खरं तर तक्रार करायलाच गेले होते. दारातच त्याची आई भेटली. “या बाई,” म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. आत खाटेवर गणूचे आबा, म्हणजे आजोबा पडलेले होते. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला होता. आणि वाचा गेली होती. एवढे गप्पिष्ट आबा, गावच्या भजनी मंडळात पहिला आवाज त्यांचा. आता त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघत होते, “बरं बरं”.

चहा हवा, तरी “बरं बरं”. कूस बदलायची, तरी “बरं बरं”. नको म्हणायचं, तरीही “बरं बरं”. मी बसले असतानाच आबा काहीतरी मागू लागले. सूनबाईनं पाणी आणलं. आबांनी डाव्या हातानं तांब्या ढकलून दिला. तेवढ्यात गणू उठला, कोनाड्यातला चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आबांच्या नाकावर ठेवला. आबा शांत झाले.

“तुला कसं कळलं रे?” मी विचारलं.

“पाणी पाहिजे असलं की आबा ओठ हलवतात, बाई. आत्ता ते कॅलेंडरकडे बघत होते. तारीख दिसत नसणार.”

माझी मान खाली गेली. ज्या मुलाला मी ‘लक्ष नसलेला’ म्हणत होते, त्याच्याइतकं लक्ष त्या घरात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

मुलांनो, मेंदूत माहिती तात्पुरती लिहून ठेवायला एक छोटी पाटी असते असं समजा. तुम्ही तोंडी हिशेब करता, वाण्याकडे जाताना “साखर, चहापत्ती, काडेपेटी” असं घोकत जाता, ते सगळं या पाटीवर. ही पाटी फार लहान असते. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५६ साली दाखवलं की मोठ्या माणसाला एका दमात साधारण ७ गोष्टी लक्षात ठेवता येतात, कुणाला दोन जास्त, कुणाला दोन कमी. पुढच्या संशोधनात हा आकडा आणखी खाली, ४ च्या आसपास आला. लहान मुलांची पाटी तर याहून लहान.

एक गंमत करून पाहा. हे आकडे एकदाच वाचा आणि पुस्तक मिटून म्हणा : १ ९ ४ ७ १ ९ ६ ० १ ८ ५ ७. बारा आकडे! जमलं नाही ना? आता असे वाचा : १९४७, १९६०, १८५७. स्वातंत्र्य मिळालं ते वर्ष, महाराष्ट्र राज्य झालं ते वर्ष आणि इंग्रजांविरुद्धच्या उठावाचं वर्ष. आता कसं चटकन जमतं! आकडे तेच, पण बाराचे तीन गठ्ठे झाले. पाटीवर बारा रकान्यांऐवजी तीनच लागले. म्हणून तर फोन नंबर सांगतानाही आपण तो तोडून तोडून सांगतो.

पण पाटी आधीच भरलेली असली तर? गणूच्या पाटीवर रोज सकाळपासून लिहिलेलं असायचं, “आबांना दुपारची गोळी कोण देणार? आई शेतात गेली आणि आबांना काही हवं असलं तर?” काळजीसुद्धा पाटीवर जागा अडवते. मग सतरा चोक किती, ते लिहायला जागा उरणार कुठं?

आबांचे शब्द गेले कुठे?

गणूनं मला त्या दिवशी एक प्रश्न विचारला. “बाई, आबांना आपलं सगळं कळतं. मग बोलता का येत नाही? शब्द विसरले का ते?”

याचं उत्तर शोधायला आपल्याला १८६१ सालच्या पॅरिसमध्ये जावं लागेल. तिथं पॉल ब्रोका नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. तो वर्षानुवर्षं रुग्णालयातच राहत होता. काहीही विचारा, तो ‘तां’ एवढंच म्हणायचा. त्यामुळे सगळे त्याला ‘तां’च म्हणायचे. पण लोकांचं बोलणं त्याला बरंचसं समजायचं आणि हातवाऱ्यांनी तो उत्तरंही द्यायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला. मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात एक जागा खराब झालेली आढळली. पुढं आणखी रुग्णांमध्येही बिघाड डाव्याच बाजूला सापडत गेला. त्या जागेला आज ‘ब्रोकाचा भाग’ म्हणतात.

नंतर १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रुग्ण दाखवून दिले. ते भराभरा बोलायचे, पण बोलण्याला अर्थ नसायचा आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट समजायचं नाही. त्यांच्या मेंदूतला बिघाड डाव्याच बाजूला, पण जरा मागं, कानाच्या वरच्या अंगाला होता. आता आपल्याला माहीत आहे की भाषा एकदोन जागांवर चालत नाही. बऱ्याच भागांचं मिळून एक जाळं असतं. पण बहुतेक माणसांत त्या जाळ्याचा मुख्य भाग डावीकडे असतो, हे खरं.

आणि आणखी एक गंमत. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, उजवी बाजू डावी चालवते. आबांच्या मेंदूत डावीकडच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. म्हणून उजवा हातपाय आणि वाचा, दोन्ही एकदम गेलं. शब्द पुसले गेले नव्हते. आतला शब्द ओठांपर्यंत आणणारी वाट मोडली होती.

मी गणूला असंच सांगितलं, “पूल वाहून गेलाय बघ. गाव तिकडं आहेच.”

एकादशीची गंमत

त्यानंतर आली एकादशी. भजनी मंडळाची माणसं आबांना भेटायला घरी आली. टाळ वाजू लागले, हरिपाठ सुरू झाला. आणि काय आश्चर्य! आबा डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून गाऊ लागले. सुरात आणि शब्दांसकट! गणूची आई तर रडायलाच लागली. सगळ्यांना वाटलं, देवच पावला, वाचा परत आली. पण भजन संपलं आणि कुणीतरी विचारलं, “आबा, बरं वाटतंय का?” आबा म्हणाले, “बरं बरं, बरं बरं.” आणि पाण्यासाठी नुसते ओठ हलवू लागले.

ही फसवणूक नव्हती, चमत्कारही नव्हता. अशा रुग्णांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. गाण्याच्या कामात मेंदूची उजवी बाजूही भाग घेते. शिवाय जन्मभर म्हटलेल्या गोष्टी साखळीसारख्या असतात. एक कडी ओढली की मागून दुसरी येते. प्रार्थना, वारांची नावं, एक ते शंभर, हे सगळं असंच येतं. नवं वाक्य मात्र एकेक शब्द शोधून जुळवावं लागतं. आबांचं अडत होतं ते तिथं.

हे ऐकून माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आबांच्या लहानपणी रोज दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. मी गणूला सांगितलं, “उद्यापासून संध्याकाळी तू आबांच्या शेजारी बसून पाढा म्हण.”

पुढचं गणूच्याच तोंडून ऐकलंय. “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक...” तो नेहमीप्रमाणे अडला. आणि खाटेवरून आवाज आला, “अडुसष्ट!”

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले म्हणे. मग आबाच पुढं सुरू झाले आणि पाढा संपवूनच थांबले.

गणू दुसऱ्या दिवशी शाळेत धावतच आला. “बाई, आबांना पाढे येतात!” मी त्याला म्हटलं, “आज आबांना विचार, अडुसष्टातून आठ गेले तर किती?” त्यानं विचारलं. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरं बरं.” उत्तर बहुधा त्यांना कळत होतं, पण सांगायला साखळी नव्हती.

हातांची आठवण, नावांची आठवण

आठवण एकाच प्रकारची नसते, हे आपल्याला एका अमेरिकन माणसामुळे फार चांगलं कळलं. त्याचं नाव हेन्री मोलेसन. त्याला फिट्स येण्याचा फार त्रास होता. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, त्यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा तुकडा होता. या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. फिट्स कमी झाल्या. पण नवं काही लक्षात राहीना! लहानपणच्या गोष्टी आठवायच्या, बोलणं व्यवस्थित, बुद्धी चांगली. मात्र आत्ता भेटून गेलेला माणूस थोड्या वेळानं परत आला की हेन्रीला तो अनोळखी वाटायचा.

ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञबाईंनी त्याला एक काम दिलं. आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे पेन्सिल भलतीकडेच जाते. हेन्रीनं हे तीन दिवस केलं आणि तो दिवसेंदिवस सुधारत गेला. पण दर वेळी त्याला वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय! म्हणजे डोकं विसरलं होतं, हात शिकत होते. घटना लक्षात ठेवण्याची जागा वेगळी आणि हातांच्या सवयीची वेगळी. म्हणूनच कितीही वर्षांनी सायकलवर बसलात तरी ती चालवता येते.

हेन्री २००८ साली वारला. तोपर्यंत पुस्तकांत त्याला ‘एच. एम.’ एवढंच म्हणत. पन्नासहून जास्त वर्षं तो न कंटाळता शास्त्रज्ञांना मदत करत राहिला. आज आपल्याला आठवणींबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातलं खूपसं या, काहीच लक्षात न राहणाऱ्या माणसामुळे.

मग पाठ कसं करायचं?

आता तुमच्या कामाची गोष्ट. गणूचा सतराचा पाढा पक्का झाला तो नुसत्या घोकंपट्टीनं नाही. तीन गोष्टी नकळत जुळून आल्या.

पहिली, रोज थोडं थोडं. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरतो ते मोजायचं. १८८५ मध्ये त्यांनी ते पुस्तकात मांडलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग हळूहळू. आणि एकदम खूप घोकण्यापेक्षा मधे दिवस सोडून घोकलं तर कमी कष्टात जास्त राहतं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं!

दुसरी, पुस्तक मिटून आठवणं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी बघितलं तर पुन्हा वाचणारे पुढे. पण आठवड्यानं बघितलं तर आठवून लिहिणारे पुढे! गणू आबांपुढं पुस्तक न घेता म्हणायचा, अडला की आबा सांगायचे. हेच ते.

तिसरी, झोप. परवचा संध्याकाळी आणि मग झोप. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी पक्क्या करत असतो. झोप कापून अभ्यास करणं म्हणजे भांडं भरायचं आणि बुडाला भोक पाडायचं.

कुणीच ढ नसतं

मुलांनो, तुम्ही सगळ्यांनी एक अवघड परीक्षा शाळेत यायच्या आधीच पास केली आहे. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ यांच्यासारखे आवाज ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसांना यातला फरक कळणं फार जड जातं. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळला! तीच पाहणी दहा-बारा महिन्यांच्या बाळांवर केली, तर त्यातल्या बहुतेकांना तो कळेनासा झालेला. कारण त्यांच्या घरात तो फरक कुणी करतच नव्हतं.

तुमच्या घरात मात्र ‘ताट’ही होतं आणि ‘ताठ’ही, ‘कल’ही आणि ‘कळ’ही. पाळण्यात पडल्या पडल्या तुमच्या मेंदूनं हे सगळं टिपलं. ना पुस्तक, ना शिकवणी. ज्या मेंदूनं अख्खी मराठी भाषा आपली आपण शिकली, त्याला सतराचा पाढा येणार नाही, असं कसं होईल?

पुढं काय झालं?

गणूनं एका सोमवारी वर्गात पाढा म्हटला. ‘सतरा साते’ला थोडा थांबला, डोळे मिटले आणि पार गेला. मग मी माझं काम केलं. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, “मुलांनो, त्या शनिवारी गणूनं मला खरं उत्तर दिलं होतं. मी न विचारताच शिक्षा केली. चूक माझी होती.” त्या दिवशी कुणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत दोघीतिघींनी मला हळूच येऊन आपापल्या घरच्या काळज्या सांगितल्या. इतके दिवस त्यासुद्धा माझ्या ‘लक्ष नसलेल्या’ यादीत होत्या.

आबांना पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी वाचा-उपचार, म्हणजे स्पीच थेरपी सुरू झाली. मेंदूचं एक बरं असतं. मोडलेल्या वाटेशेजारून तो हळूहळू नवी पायवाट पाडू शकतो, पण रोज चालावं लागतं. आबा अजून पहिल्यासारखे बोलत नाहीत, कदाचित बोलणारही नाहीत. पण “पाणी” म्हणतात, “चष्मा” म्हणतात. पहिला नवा शब्द मात्र यांपैकी कुठलाच नव्हता. तो होता “गणू”.

पालकांसाठी चार ओळी

“याच्या डोक्यात काही राहतच नाही” असं मुलासमोर म्हणू नका. ते वाक्य मात्र त्याच्या डोक्यात पक्कं राहतं. त्याऐवजी विचारा, “आज मनात काय चाललंय?” मूल सतत, प्रत्येक ठिकाणी मागं पडत असेल, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या, शिक्षकांशी बोला.

आणखी एक. आबांना झटका आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. “सणाचा दिवस आहे, थकवा असेल” म्हणून घरच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर एक मिनिटही घालवू नका. तेल लावणं, अंगारा, पाणी पाजणं, काहीही करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मुलांनो, हे तुम्हीही पाठ करा. घरात मोठं कुणी नसेल तर फोन तुम्हालाच करावा लागेल.

घरी करून पाहा

एका कागदावर रंगीत पेननी रंगांची नावं लिहा, पण चुकीच्या रंगात. ‘लाल’ हा शब्द निळ्या पेननं, ‘हिरवा’ लाल पेननं, ‘निळा’ हिरव्या पेननं, असे वीस शब्द. आता घरातल्या मोठ्यांना सांगा, शब्द वाचू नका, शाईचा रंग भराभर सांगा. बाबासुद्धा अडखळतील! अमेरिकेच्या जॉन स्ट्रूप यांनी १९३५ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. मग नुकतंच बोलायला लागलेल्या, वाचता न येणाऱ्या पण रंग ओळखणाऱ्या धाकट्या भावंडाला तोच कागद द्या. ते अडखळतं का? का नाही? विचार करून एका पोस्टकार्डावर उत्तर लिहून पाठवा.

आणि हो, आज रात्री जेवताना आजी-आजोबांना विचारा, त्यांना किती पाढे येतात. तुम्ही अडलात तर ते सांगतील, ते अडले तर तुम्ही सांगा.

पुढच्या आठवड्यात पाहू, स्वप्नं का पडतात. तोपर्यंत झोपा काढा!

तुमच्या,
बाई